तू मला पास केलंस, मावशी

मावशी, आधी भांडण. रडायचं मागाहून बघू. तसंही गेले वीस-बावीस दिवस तेच चाललंय. एसटीत खिडकीशी बसले की डोळे वाहायला लागतात, आणि शेजारची बाई हळूच विचारते, "घरचं कुनी गेलं का बाय?" तिला काय सांगू? घरचं नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि घरचं म्हणावं, तर तू पासलीच्या वरच्या वाडीतली, मी भोरची. नातं काय, तर पुण्याच्या हॉस्पिटलातून आलेला एक छापील फॉर्म.

तर भांडण असं. तुला हा शहाणपणा कुणी सांगितला होता गं? माझी काळजी करायला कुणी सांगितलं होतं? स्वतःच्या पोटाकडे बघायचं सोडून बाईसाहेब माझी नोकरी सांभाळत बसल्या. आता बोल ना. एरवी मी एक बोलले की चार ऐकवायचीस.

तू पहिल्यांदा जे ऐकवलंस ते अजून कानात आहे. दोन वर्षं होत आली. ओसरीवर तू तांदूळ पाखडत होतीस. बोटं वळलेली, म्हणून सूप दोन्ही मनगटांवर तोललेलं. मी ओळख सांगितली, सुमन, हॉस्पिटलकडून आलेय, संधिवाताच्या पेशंटना काही प्रश्न विचारायचेत. तू मान हलवलीस आणि मी फॉर्म काढून वाचायला लागले: "आपणांस विहित करण्यात आलेल्या औषधांचे सेवन करण्याचे आपणांकडून विस्मरण होते काय?"

तू सूप खाली ठेवलंस. "पोरी, ह्यो सवाल मला हाय का तहसीलदाराला?"

मला हसू आवरेना. त्याआधी पाच-सहा गावं झाली होती माझी. सगळीकडे माणसं सभ्यपणे "व्हय व्हय" म्हणायची आणि मी खुणा करत सुटायची. न कळलेल्या प्रश्नाला कळलं नाही म्हणणारी तू पहिली. मी म्हटलं, "म्हणजे गोळी घ्यायची विसरते का?" तर म्हणालीस, "मंग तसं बोल की! म्या काय सरकारी जमीन दाबून बसलीया, असं दरडावून इचारायला?"

माझं काम दुहेरी होतं, हे तुला मी नंतर समजावून सांगितलं. पेशंट गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतात का, हे त्या प्रश्नांवरून मोजायचं. आणि मराठीत आणलेले ते प्रश्न लोकांना कळतात का, हेही तपासायचं. मूळ प्रश्न परदेशातले, इंग्रजी. पुण्यात दोन विद्वानांनी ते मराठीत आणले, तिसऱ्याने परत इंग्रजीत नेऊन बघितले, अर्थ तंतोतंत जुळला म्हणून सगळे खूष. वेल्ह्याच्या वर ते कुणी ऐकलेच नव्हते, एवढीच काय ती अडचण.

त्या दुपारी तू सगळे प्रश्न एकेक करून सरळ केलेस. मी समासात पेन्सिलने तुझी वाक्यं लिहिली. या पाहणीचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी त्यातली बरीचशी घेतली. "भाषा सुधारलीस गं," मला म्हणाले. आता फॉर्मवर भाषांतरकार म्हणून त्या दोन विद्वानांची नावं आहेत. "पासलीच्या एक मावशी आहेत, त्यांचंही घाला," असं मी म्हटलं तेव्हा सर हसले, आणि मीही मग तो विषय सोडला. सोडायला नको होता.

आणि ते "तुम्ही". दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला तू माझा गालगुच्चा घेतलास, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केलास, बोटं जुळलीच नाहीत. "मावशी बी म्हंतीस आन तुमी बी म्हंतीस? मावशीला कुनी तुमी म्हंतं का? तू म्हन." आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, पेशंटशी अंतर राखून बोलावं. मी लगेच तू म्हणायला लागले. अंतर राखणं मला कधी जमलंच नाही. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर मी पहिल्यापासून आगाऊ.

सगळ्यात मोठा घोळ उत्तरांचा होता. "कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी." पाचांतलं एक निवडायचं. शेवंताकाकी, तुझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारी, तुझंच दुखणं तिच्याही हातापायांत. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "क्वचित म्हंजी लई का थोडं?" मी तिसऱ्यांदा समजवायला लागले तशी तू वैतागलीस. उठलीस, तुझ्या पद्धतीने, आधी तळवा भिंतीला, मग एक गुडघा, मग बाकीचं शरीर. माळ्यावरची मापं काढायला लावलीस आणि ओसरीवर रांगेत मांडलीस. पायली, शेर, मापटं, चिपटं. आणि चिपट्याच्या पुढे हात फिरवून थोडी जागा मोकळी ठेवलीस.

"ह्ये बघ शेवंते. गोळी कवाच चुकत न्हाई, तर हितं, रिकामं. चुकूनमाकून चुकली तर चिपटं. मधनंच चुकत आसंल तर मापटं. लईदा चुकली तर शेर. आन रोजच चुकती, तर पायली. बोल आता."

शेवंताकाकी क्षणात म्हणाली, "मंग माजं मापटं."

"आन माजं चिपटं," तू म्हणालीस. "लिव."

दहा मिनिटांत अख्खी वाडी त्यात पारंगत. वरच्या धनगरवाड्यावरून शेळ्या घेऊन उतरलेला बाबाही मला वाटेत थांबवून सांगायचा, "बाई, आमचं औंदा शेर हाय बरं का." मी मापांचा फोटो काढून सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की कल्पना छान आहे पण शास्त्रीय नाही. मी पुढेही मापांनीच विचारलं आणि फॉर्मवर शास्त्रीय खूण केली. ती पहिली उत्तरं खरी होती, मावशी. आता सगळे फॉर्म पुढ्यात घेऊन बसले की कळतं, तेवढीच खरी होती.

तुझी मला सगळ्यात जास्त आठवण कशाने येते सांगू? गोळ्यांच्या पाकिटांनी. तुझ्या अंगठ्यात जोर नव्हता. चंदेरी कागद फुटायचा नाही, मग तू सांडशीने पाकीट दाबायचीस आणि अर्ध्या गोळ्यांचा भुगा व्हायचा. फॉर्ममध्ये याचा प्रश्न नाही. गोळी विसरता का, टाळता का, सगळं विचारलंय, पण पाकीट उघडता येतं का हे नाही. गोळ्या दर महिन्याला पुण्याहून मीच आणायची, तर मीच त्या काढून द्यायला लागले. आठवड्यातून एकदा घ्यायची ती पिवळी एका बडीशेपेच्या डबीत, रोजची पांढरी दुसऱ्या डबीत. सर म्हणायचे, रिकामी पाकिटं मोजत जा, त्यावरून कळतं. मीच रिकामी करत होते, काय मोजणार? तू शेजारी बसून म्हणायचीस, "लेक असती तर तिनं बी आसंच सोलून दिलं असतं." मग जाताना वालाच्या शेंगांचा नाहीतर इंद्रायणीचा वानोळा पिशवीत कोंबायचीस. पिशवीची गाठ मात्र मला मारायला लावायचीस.

आणि मग ते अर्धं राहिलेलं भांडण. पिवळी गोळी चालू होऊन तीन-चार महिने झाले असतील. मी येताना दिसले की तू लांबूनच ओरडायचीस, "आली बघा जबाब घेनारी!" त्या दिवशी ओरडली नाहीस. बसल्यावर म्हणालीस, "तुज्या कागदात येक सवाल कमी हाय."

"कुठला?"

"गोळी सोसती का, ह्यो."

मी अगदी मास्तरणीसारखी समजूत घातली. "मावशी, हे भाषांतर आहे. मूळ कागदात आहे तेवढंच विचारायचं. आपल्या पदरचं एक अक्षरही घालता येत नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं."

"मूळ कागद लिवनाऱ्याला मळमळत नसंल," तू म्हणालीस.

मी हसले. मावशी, मी हसले गं! केवढं छान बोललीस म्हणून हसले. पुण्यात जाऊन सरांना सांगितलं, तेही हसले. दोन माणसं तुझ्या मळमळीवर हसली आणि एकानेही विचारलं नाही की बाईला होतंय का काही. तू थोडा वेळ माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "मंग वाच तुजं काय आसंल ते." आणि मी पुढचा प्रश्न वाचला.

आता माझी खरी चूक सांगते. यंदाच्या पावसाळ्याच्या आधी, चहा झाल्यावर, मी तुझ्या ओसरीवर कुरकुरत बसले होते. माझं काम वर्षाच्या करारावर. आमच्यातल्या एकीचा करार नुकताच वाढला नव्हता. मी म्हटलं, "माझ्या गावांतली माणसं गोळ्या चुकवतात असं आकड्यात दिसलं की सर म्हणतात, तूच नीट समजावत नसशील. बोलणी मला बसतात."

तू मिश्रीचं बोट तोंडातून काढलंस. "म्हंजी ह्यो पेपर आमचा न्हाई. तुजा हाय!"

"असंच समज," मी म्हटलं.

दोनच शब्द. तेही रुसून बोललेले. एवढ्याशा बोलण्यावर तू केवढं मोठं कारस्थान रचशील हे मला कसं कळणार होतं?

पुढच्या महिन्यात तुझं रिकामं. शेवंताकाकीचं रिकामं. पलीकडच्या आळीत रिकामं, धनगरवाड्यावर रिकामं. एकेक माणूस माझ्याकडे बघून, छाती काढून, "रिकामं!" मी इतकी आनंदले की उतारावरून पळतच रस्त्यावर आले. मीटिंगमध्ये सरांनी माझ्या गावांचा तक्ता सगळ्यांना दाखवला. "सुमनकडून शिका," म्हणाले. मी नसरापुरात पेढे घेतले आणि ते घेऊन वाडीवर आले. तू एक पेढा तोंडात टाकलास आणि विचारलंस, "पास झालीस न्हवं?"

"झाले," मी म्हटलं. तू शेवंताकाकीकडे बघून डोळे मिचकावलेस. मला वाटलं, किती माया ही.

मला संशय आला नाही, असं म्हणू का? तुझ्याशी खोटं कशाला बोलू. शेवंताकाकीचं मनगट सुजून टम्म झालेलं मला दिसत होतं. मापट्यावरची बाई एका महिन्यात रिकामी कशी होईल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. मी तो आतच दाबला. चांगले मार्क मिळालेलं पोर पेपर पुन्हा तपासायला देतं का कधी?

आणि लावणीचा तो दिवस तर मी कुठे लपवू? तू गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, वाकून तरवा लावत होतीस. ज्या बाईला पाकीट फोडता येत नव्हतं ती रोप चिखलात खुपसत होती. मी बांधावर फॉर्म छत्रीखाली धरून उभी. तू वर आलीस, पदराची गाठ दातांनी सोडलीस, कागदाच्या पुडीतल्या दोन गोळ्या काढल्यास आणि कोऱ्या चहाबरोबर गिळल्यास.

"कसल्या गं या?"

"डोस्कं दुकतंय."

"दुकानातल्या?"

"व्हय. वेल्ह्यातनं आनल्यात. सुट्ट्या मिळत्यात."

"काही खाल्लंस का सकाळपासून?"

"खाईन की. येवडी पात लावू दे."

मला माहीत होतं, मावशी. दुखणं मारणाऱ्या त्या गोळ्या उपाशीपोटी, रोजच्या रोज, काय करतात हे मला ट्रेनिंगमध्ये दोनदा शिकवलेलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. ती गेली की संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. मी भराभरा प्रश्न वाचले, तू भराभरा रिकामं, रिकामं म्हणालीस, आणि तुझ्या आजाराच्या वहीत मी लिहिलं, "औषधे नियमित. तक्रार नाही." खाली सही. मग पळत सुटले. एसटी मिळाली. खिडकीही मिळाली.

ती वही पुढे तुझ्याबरोबर पुण्याला तपासणीला गेली. डॉक्टरांनी माझी ओळ वाचली, औषध तेच चालू ठेवलं. का बदलतील? तक्रार नव्हती.

भातं कापणीला आली होती तेव्हा तुझ्या मुलाचा फोन आला. तो नसरापुरात टेम्पो चालवतो, फार बोलत नाही. "आईला रक्ताची उलटी झालीया. पुन्याला निघालोय." मी पोचले तेव्हा तू आत होतीस. एक तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन त्याला विचारत होती, "अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या का त्या? दुकानातून आणून, बऱ्याच दिवसांपासून?"

"न्हाई मॅडम," तुझा मुलगा ठासून म्हणाला. "आईच्या गोळ्या येकदम टायमावर. ह्ये बघा, वहीतच हाय."

तिने वही उघडली. माझं अक्षर. मी पुढे होऊन म्हटलं, "खायच्या. मी बघितलंय." तुझ्या मुलाने माझ्याकडे वळून बघितलं. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी थोडा वेळ तू शुद्धीवर होतीस. मी जवळ गेले. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि एवढ्यातही म्हणालीस, "जबाब घ्यायला आलीस व्हय?"

मी तुझी वळलेली बोटं हातात धरून उभी राहिले.

"माजं रिकामंच लिव," तू म्हणालीस.

मला वाटलं तू बरळतेस. तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तुझ्या दहाव्याला मी आले. नदीवरचं सगळं आवरल्यावर माणसं पांगली आणि शेवंताकाकीने मला खुणेने घरात बोलावलं. भाताच्या कणगीमागे हात घालून तिने बडीशेपेच्या डब्या काढल्या. एक, दोन, आणखी एक. झाकण उघडलं तर आत पिवळ्या गोळ्या. मी माझ्या हातांनी सोलून दिलेल्या, जशाच्या तशा.

"लावनीच्या आदीपासनं येक बी खाल्ली न्हाई ताईंनी," ती म्हणाली. "ती गोळी घेतली की दोन दीस वकाऱ्या. हुबं ऱ्हावंना. आन कामं तर थांबत न्हाईत. मंग त्या दुकानच्या सुरू केल्या. आदी दोन, मंग चार."

"अगं पण मला का नाही सांगितलं?"

शेवंताकाकी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच खुळी. "तुज्या नोकरीपायी! ताईंनी समद्यांना बसवून सांगितलं. म्हनल्या, ह्यो पेपर आपला न्हाई, त्या पोरीचा हाय. कुनी चिपटं म्हनायचं न्हाई, मापटं म्हनायचं न्हाई. समद्यांनी रिकामं म्हना. पोर नापास हूता कामा नये. धनगरवाड्यावर बी सवता जाऊन सांगून आल्या."

"धनगरवाड्यावर? चालत?"

"मंग कशानं? बसत उठत गेल्या. सकाळी निगाल्या त्या दुपार करून पोचल्या."

मावशी, त्या चढावर मला धाप लागते. तुझे ते गुडघे घेऊन तू वर गेलीस, कशाला, तर मला कुणी रागवू नये म्हणून. माझ्यासाठी एवढं आजवर कुणी केलं नाही. आणि इतका राग मला आजवर कुणाचा आला नाही. दोन्ही एकाच वेळी होतंय बघ. घास घेतला की तू आठवतेस आणि कळत नाही पाया पडू का तुला धरून गदागदा हलवू.

तेवढ्यात शेवंताकाकीच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. मघापासून ती तो हात पदराखाली धरून बसली होती.

"आणि तुझं काय, काकी? तू खातेस का पिवळी?"

"रिकामं," ती चटकन म्हणाली. आणि दाराकडे बघितलं. तुझा अजून धाक होता तिला.

मी उठले. माळ्यावरून मापं काढली. पायली, शेर, मापटं, चिपटं, तू मांडायचीस तशी ओसरीवर मांडली, शेवटी हात फिरवून जागा मोकळी ठेवली. पर्स लांब सरकवली. "आज फॉर्म नाही आणलेला. माझा पेपरबिपर काही नाही. माझी नोकरी गेली तर गेली, मी दुसरी बघीन, मला दोन हात धड आहेत. तू मला एवढंच सांग, गोळी सोसते का?"

तिने मापांवरून नजर फिरवली. मग पदराखालचा हात बाहेर काढला, सुजलेला, आणि पायलीवर ठेवला.

"लई मळमळतं गं बाय," म्हणाली आणि रडायला लागली. तिच्याही पदराच्या गाठीत कागदाची पुडी होती.

तुझा प्रश्न तेव्हा विचारला असता तर असं उत्तर आलं असतं. मी तो तेरा महिने उशिरा विचारला, आणि तुला नाही, तिला.

दोन दिवसांनी सरांकडे गेले. सरळ सांगून टाकलं, "वरच्या वाड्यांचे सगळे फॉर्म खोटे आहेत." सर म्हणाले, "खोटे म्हणजे? भरताना तू समोर होतीस ना?" "होते, म्हणून तर सांगतेय," मी म्हटलं. मग तुझं सगळं सांगितलं, मापांपासून कणगीपर्यंत. मळमळीवर आपण हसलो होतो तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नाही गं. म्हणाले, वर कळवावं लागेल, फॉर्म रद्द होतील, तुझ्या कराराचं मी आत्ता काही बोलू शकत नाही. मी म्हटलं, बरं. तू एवढा चढ चढून वाचवलेली नोकरी मी पाच मिनिटांत घालवून आले असेन. राग धरू नकोस. धरायचाच तर धर, मीही धरलाय.

करार आहे तोवर वाडीवर पुन्हा घरोघर फिरतेय. फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलने तुझा प्रश्न लिहून घेतलाय आणि तोच आधी विचारते. लोक आधी दाराकडे बघतात, मग सांगतात. धनगरवाड्यावरचा बाबा म्हणाला, "मावशींनी शपथ घातली व्हती, बाई. आता त्या न्हाईत, तवा सांगतो." फार उशीर लागतो एकेका घरात. परवा दोनदा एसटी चुकली.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते अजून सांगितलंच नाही. काल शेवंताकाकीला पुण्याला तपासणीला नेलं. डॉक्टर तेच, तुझे. मी म्हटलं, "वहीत काय लिहिलंय ते वाचू नका, यांचं ऐका." काकी चाचरत म्हणाली, "पिवळी गोळी खाल्ली की मळमळतं." डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ, उलटी होते का, आणखी काय काय खाता. पदरातली पुडी टेबलावर ठेवायला लावली. पिवळीचं प्रमाण कमी केलं, जोडीला मळमळीवरची एक लिहून दिली, दुकानातल्या गोळ्या बंद, आणि तरीही नाही जमलं तर महिन्याने या, ती गोळी बदलून दुसरी देऊ, म्हणाले. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. आम्ही खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो.

काकी बाहेर येऊन बाकावर बसली. "झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"येवडंच व्हतं?"

परतताना नसरापूरला एसटी बदलली. वेल्ह्याच्या अलीकडे तोरणा दिसायला लागला तोवर ती मांडीवरच्या पिशवीकडेच बघत होती. मग अगदी हळू विचारलं, "सुमन, ताईंनी सांगितलं असतं, तर त्यांचं बी येवड्यातच भागलं असतं का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, काकी. कुणाचं काय, सांगता येत नाही." तिने मान हलवली. तिला तेवढ्याने बरं वाटलं असावं, कारण मग तिने भाकरीचं फडकं सोडलं.

मी खोटं बोलले, मावशी. तू माझ्यासाठी बोललीस तसं तिच्यासाठी. तुला मात्र खरं सांगते. हो. तुझंही एवढ्यातच भागलं असतं.